नेटलोगो दीड वर्ष वापरल्यावर: लांडगा, मेंढी आणि आमच्या उसातला लोकरी मावा

आधीच सांगतो, नेटलोगो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळं पैसे बुडाले म्हणून बोंब मारायचा प्रश्न नाही, पण वेळ लई खातं आणि वेळ काय फुकट नसतो, म्हणून लिहितोय. मी सांगलीजवळ एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवतो, घरचा अडीच एकर ऊस आहे वाळवा तालुक्यात, आणि भक्षक-भक्ष्य हा टॉपिक दरवर्षी माझ्याच गळ्यात येतो. फळ्यावर दोन समीकरणं, खाली दोन डोंगरासारख्या रेघा, एक कॅनडातल्या सशाची आणि एक त्याला खाणाऱ्या लिंक्स नावाच्या रानमांजराची, साधारण दहा वर्षांचं चक्र, पोरं वहीत उतरवतात, पेपरात लिहितात, विषय संपला. मग एक दिवस मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, सर ह्या समीकरणातल्या लांडग्याला भूक कधी लागते? वर्ग हसला, मी पण हसलो, पण घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात. कारण खरंच लागत नाही. लोटका नावाच्या शास्त्रज्ञानं १९२५ मध्ये आणि व्होल्टेरा नावाच्या गणितज्ञानं १९२६ मध्ये ही जी समीकरणं मांडली त्यात लांडगा नाहीच, लांडग्यांचा आकडा आहे. मेंढ्यांचा आकडा गुणिले लांडग्यांचा आकडा गुणिले एक स्थिरांक, एवढ्यात शिकार उरकते. कोण कुठं फिरलं, कुणाला सापडलं, कोण उपाशी झोपलं, काही नाही.

तर हे उलट्या बाजूनं करायचं, म्हणजे एकेका प्राण्याला पोट द्यायचं आणि कळपाचं काय होतंय ते बघायचं, त्यासाठी नेटलोगो. उरी विलेन्स्की ह्यांनी १९९९ मध्ये काढलं, पुढचं काम अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत झालं. डाउनलोड करा, इन्स्टॉल करा, नेट बंद असलं तरी चालतं, जावा वेगळं टाकायची भानगड नाही. आमच्याकडं संध्याकाळी लाईट जाते तेव्हा बॅटरीवर पण चालवलंय. ब्राउझरमध्ये चालणारं पण आहे, वर्गात मोबाईलवर दाखवायला तेच बरं पडतं.

मी वापरतो ती आवृत्ती दिसायला मात्र जुनाट. फिकट जांभळी बटणं, हिरवे स्लायडर, मधोमध एक काळा चौकोन. पहिल्यांदा बघून आमचा भाचा म्हणाला मामा हे विंडोज ९८ आहे का. दिसण्यावर जाऊ नका.

मॉडेल्स लायब्ररी म्हणून एक मेनू आहे त्यात बायोलॉजीखाली लांडगा-मेंढी मिळतो. सेटअप दाबलं की १०० मेंढ्या, ५० लांडगे. गो दाबलं की सगळे भटकायला लागतात. प्रत्येक प्राणी हा वेगळा, त्याला ते टर्टल म्हणतात, जमिनीचा प्रत्येक चौकोन म्हणजे पॅच, आणि वेळ टिक-टिकनं पुढं जाते. लांडगा प्रत्येक टिकला थोडं उजवीकडं थोडं डावीकडं वळतो, एक पाऊल टाकतो, एक एनर्जी घालवतो. त्याच चौकोनात मेंढी असली तर खातो, २० एनर्जी मिळते. एनर्जी शून्याखाली गेली की मेला. दर टिकला ५ टक्के शक्यता की पिल्लू होईल आणि मग एनर्जी दोघांत निम्मी निम्मी. बास. एवढंच.

आता ह्यात मजा काय, तर फक्त लांडगे-मेंढ्या ठेवले आणि गवताचा हिशोब बंद ठेवला तर टिकतच नाही. कधी लांडगे सगळ्या मेंढ्या खाऊन मग स्वतः मरतात, कधी लांडगे आधी संपतात आणि मेंढ्या वाढतच जातात, इतक्या की शेवटी मेंढ्यांनी पृथ्वी ताब्यात घेतली असा मेसेज येतो आणि मॉडेल थांबतं. (आमच्या जत तालुक्यात माडग्याळ मेंढीचा भाव बघितला तर कुणालाच वाईट वाटणार नाही ह्याचं.) गवत चालू केलं, खाल्लेलं गवत ३० टिकनं परत उगवणार, मेंढ्यांना पण भूक लागणार, की लगेच गाडी रुळावर येते, दोन्ही रेघा एकमेकींच्या मागं धावत वरखाली होत राहतात. पोरांना हे दाखवलं त्या दिवशी तास संपल्याची बेल झाली तरी कोण उठलं नाही. तासिका तत्त्ववाल्याला ह्यापेक्षा मोठा पगार नाही.

आणि वहीवर हिशोब पण जुळतो, हे मला जास्त आवडलं. जमीन ५१ बाय ५१, म्हणजे २,६०१ चौकोन. एका मेंढीनं लांडग्याची २० टिकची बेगमी होते. मग त्याला सरासरी २० टिकला एक मेंढी भेटायलाच पाहिजे, आणि आंधळेपणानं फिरताना ते व्हायला २,६०१ भागिले २०, म्हणजे १३० च्या आसपास मेंढ्या रानात असाव्या लागतात. सुरुवातीला १०० च असतात, म्हणून पहिल्यांदा लांडग्यांची रेघ जरा खाली बसते, मेंढ्या वाढल्या की मग उचलते. एका पोटाच्या हिशोबातून कळपाचा आकडा निघाला की नाही? समीकरणातला तो स्थिरांक कुठून येतो हे मी इतकी वर्षं पोरांना सांगूच शकलो नव्हतो, तो इथून येतो, पायाखालच्या चौकोनातून.

आता तक्रारी. ह्या मॉडेलच्या आहेत, सॉफ्टवेअरच्या नंतर.

पहिली, लांडगा आंधळा आहे. शेजारच्या चौकोनात मेंढी उभी आहे तरी ह्याला दिसत नाही, अंगावर आली तर खाणार. आटपाडीकडच्या कुठल्याही मेंढपाळाला हे सांगा, तो तुम्हाला चहा पाजून घरी पाठवेल. दुसरी, पोट भरतच नाही. एनर्जी ५ असो की ५०० असो, मेंढी भेटली की खाल्ली, पुढच्या टिकला परत तयार, खायला वेळ लागत नाही, पचवायला लागत नाही. तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, पिल्लू होण्याचा आणि खाण्याचा सरळ संबंधच नाही, मरायला टेकलेल्या लांडग्याला पण ५ टक्के आणि ढेकर देणाऱ्याला पण ५ टक्के. शिकवायला म्हणून मुद्दाम साधं ठेवलंय हे मान्य, इन्फो टॅबमध्ये पुढं काय काय बदलून बघा ते पण लिहिलंय. पण तो टॅब कोण वाचतं. लोक स्लायडर हलवतात, रेघा बघतात, शेअर करतात.

म्हणून कोडमध्ये हात घालावा लागतो आणि खरा रिव्ह्यू तिथून सुरू होतो.

खायला वेळ लागतो हा मुद्दा हॉलिंग नावाच्या कॅनडाच्या शास्त्रज्ञानं १९५९ मध्ये फार भारी दाखवला होता. एका टेबलावर सँडपेपरचे गोल तुकडे टाचणीनं टोचले, माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि बोटानं चाचपत शोधायला लावलं, सापडला की काढून बाजूला ठेवायचा आणि परत शोधायचं. तुकडे वाढवले की सापडणं वाढतं, पण एका मर्यादेपर्यंतच, कारण पुढं शोधण्यात वेळ जातच नाही, सगळा वेळ काढून ठेवण्यात जातो. मी हे घरी केलं. हार्डवेअरच्या दुकानातनं सँडपेपर आणला, कॅरम बोर्डावर चिकटपट्टीनं तुकडे लावले, भाच्याच्या डोळ्यांवर आईची ओढणी बांधली. तुकडे दुप्पट केले म्हणून सापडलेले दुप्पट झाले नाहीत. कॅरम बोर्डाची पावडर गेली म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

नेटलोगोत हेच करायला चार-पाच ओळी लागतात. प्रत्येक शिकाऱ्याला एक नवा आकडा द्यायचा, खाल्लं की तो समजा ८ होतो, दर टिकला एकानं कमी होतो, शून्य होईपर्यंत गडी जागेवरनं हलत नाही. मग जन्म-मरण बंद करायचं, खाल्लेल्या भक्ष्याच्या जागी लगेच दुसरं टाकायचं म्हणजे संख्या कायम राहते, आणि एका शिकाऱ्यानं ठराविक टिकमध्ये किती खाल्लं ते मोजायचं. हे वेगवेगळ्या संख्येला परत परत करायला बिहेवियरस्पेस म्हणून सोय आत आहे, रात्री लावून झोपायचं, सकाळी एक्सेलमध्ये उघडेल अशी फाईल तयार. रेघ आधी चढते, मग वाकते, मग आडवी होते. कुठंही हॉलिंगचं सूत्र टाइप न करता त्याची वाकडी रेघ स्क्रीनवर आली तेव्हा मी रात्री एक वाजता बायकोला उठवलं. तिनं बघितलं, म्हणाली रेघ आहे, आणि झोपली.

आता आण्णांचा भाग. आमचे वडील. मी हे सगळं करत असताना ते कधीमधी मागं येऊन उभे राहायचे, काय बोलायचे नाहीत. एकदा म्हणाले, "लांडगंच का दावतोस रं? आपला मावा दाव की." तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. २००२ चा लोकरी मावा, म्हणजे उसाच्या पानातला रस शोषणारी ती बारकी कीड, आमच्याकडं कुणाला सांगायला लागत नाही. महाराष्ट्रात त्याची पहिली मोठी लाट सांगली जिल्ह्यातच दिसली, त्या वर्षीच्या पावसाळ्यात. मी तेव्हा शाळेत होतो. पानं उलटी केली की कापूस पिंजून टाकल्यासारखं पांढरं, खालच्या पानांवर चिकटा पडलेला आणि त्यावर काळी बुरशी, ऊसात शिरलं की शर्टाला सगळं ते लागायचं. माणसं घाबरून फवारत सुटली होती.

पुढं तो आटोक्यात आला त्यात मोठा वाटा मावा मारणाऱ्या मित्रकिडींचा. डिफा नावाच्या पतंगाची अळी, मायक्रोमस नावाचा किडा, आणि नंतर एन्कार्सिया नावाची बारकी गांधीलमाशी. डिफाच्या अळ्या असलेली पानं एका रानातनं कापून दुसऱ्या रानात नेऊन टाकायची, असं चालायचं. आण्णांनी पण नेलीत. मी विचारलं ती अळी फिरायची कशी. म्हणाले, "फिरतीय कशाला? त्या कापसातच जाळं करून बसायची, आन् पान साफ झाल्याबिगर उठायची न्हाय. मायक्रोमस मातूर पळायचा, ह्या पानावरनं त्या पानावर."

ह्या दोन वाक्यांनी माझे दोन महिने खाल्ले, आणि हे दोन महिने म्हणजे ह्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा. मावा रानभर सारखा पसरलेला नसतो, पानाच्या खाली वसाहत करून बसतो. मग मी पण भक्ष्य झुंबडीनं मांडलं. शिकारी दोन जातीचे केले. एक सरळ चालणारा, खाल्लं तरी तसाच पुढं. दुसरा, खाल्लं की पुढचे काही टिक पावलं छोटी आणि वळणं जास्त, म्हणजे जिथं मिळालं तिथंच घुटमळणार, बराच वेळ काही नाही मिळालं की परत सरळ. फरक फक्त वळण्याचा, ताकद तीच, भूक तीच.

भक्ष्य सगळीकडं सारखं विखुरलेलं असेल तर दोघांत फारसा फरक पडत नाही, घुटमळणारा उलट थोडा मागंच पडतो कारण मोकळ्या जागेत गोल गोल फिरतो. पण वसाहती केल्या की घुटमळणारा कुठल्या कुठं पुढं जातो, सरळवाला एक खाऊन वसाहतीच्या बाहेर पडलेला असतो आणि मग पुढची वसाहत सापडेपर्यंत उपाशी. आता जन्म-मरण चालू केलं तर अजून एक गंमत, फार घुटमळला तरी मरतो. पान साफ झालं तरी तिथंच. कधी उठायचं हा प्रश्न येतो, आणि चार्नोव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं १९७६ मध्ये त्याचं उत्तर दिलंय, इथं मिळण्याचा वेग एकूण रानातल्या सरासरी वेगाइतका खाली आला की उठावं. भाजी बाजारात आपण तेच करतो, एका गाडीवर चांगली वांगी संपत आली की पुढच्या गाडीवर. हा नियम कोडमध्ये बसवायला मात्र घाम फुटला कारण अळीला एकूण रानाची सरासरी कळणार कशी, शेवटी मी तिला तिच्याच मागच्या काही जेवणांची आठवण दिली आणि त्यावरनं ठरव म्हटलं.

त्यानंतरही सगळं टिकेना. वसाहती एकेक करून साफ, मग मावा शून्य, मग अळ्या शून्य. मग आठवलं की हे आधी होऊन गेलंय. हफाकर नावाच्या शास्त्रज्ञानं १९५८ मध्ये संत्र्यांवर कोळी किडी सोडल्या होत्या, एक फळ खाणारी, दुसरी त्या पहिलीला खाणारी. साध्या मांडणीत दोन्ही संपायच्या. मग त्यानं २५२ संत्री मांडली, मध्ये व्हॅसलिनचे अडथळे केले म्हणजे शिकारी किडीला पोचायला वेळ लागेल, आणि भक्ष्य किडीला हवेवर तरंगत जायला काड्या उभ्या केल्या. तेव्हा तीन वेळा वरखाली झालं. मी पण माव्याला पंख दिले, वसाहत गच्च झाली की काही लांब उडून जाणार. आणि टिकलं. रान स्क्रीनवर एकीकडं पांढरं पडतंय, दुसरीकडं साफ होतंय, परत तिसरीकडं पांढरं, पण एकूण आकडा बऱ्यापैकी शांत. आण्णांना दाखवलं तर म्हणाले, "आसंच हुतं. आपलं साफ झालं तवा पलीकडच्या वाट्यात लागलं."

मग मी एक फवारणीचं बटण केलं. दाबलं की मावा आणि अळ्या दोन्ही १०० तल्या ८० मरणार, डोळे झाकून. प्रत्येक वेळी मावाच आधी परत आला आणि पहिल्यापेक्षा वर गेला, कारण उरलेल्या अळ्यांना आता वसाहती सापडेनात, त्या उपासमारीनं अजून मेल्या. हे व्होल्टेराच्या कागदावर पण आहेच. त्याच्याकडं हा प्रश्न आणला तो डॅनकोना नावाच्या मासे अभ्यासणाऱ्या जावयानं, पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी कमी झाली तेव्हा बाजारात शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं होतं. मासेमारी थांबली तर शिकारी वाढले, मग मासेमारी चालू असताना भक्ष्याचं फावत होतं. आमची २००२ ची फवारणी म्हणजे ती मासेमारीच. समीकरणात हे नुसतं दिसतं, नेटलोगोत का ते पण दिसतं, ती शेवटची अळी रिकाम्या पानांवरनं फिरत फिरत विझताना दिसते.

सॉफ्टवेअरच्या तक्रारी आता पटापट. भाषा सोपी आहे, पोरं दोन तासात वाचायला लागतात, पण वजाबाकीच्या दोन्ही बाजूंना जागा सोडावीच लागते. एनर्जी वजा १ हे चिकटवून लिहिलं तर तो त्याला एक नवं नाव समजतो आणि असं काही नाव नाही म्हणून ओरडतो, मी पहिला आठवडा ह्यात घालवला. संख्या वाढली की मंद होतं, माझ्या मावा मॉडेलमध्ये एकदा पंखवाल्यांची शक्यता लिहिताना दशांश चिन्ह चुकलं आणि जुना लॅपटॉप असा तापला की वर भाकरी शेकली असती, चूक माझी. चित्र दाखवायची टिकमार्क काढली की वेग बराच वाढतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि एकदा रन करून निष्कर्ष काढू नका, प्रत्येक रन वेगळी पडते, कमीत कमी तीस-चाळीस रन तरी लावा, रॅन्डम सीड, म्हणजे रन ज्या आकड्यावरनं सुरू होते तो, लिहून ठेवा नाहीतर ती भारी रन परत कधीच मिळत नाही.

मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. हे सॉफ्टवेअर तुम्हाला कधी नाही म्हणत नाही. मी माव्याला किती टक्के पंख दिले, अळीला किती टिक घुटमळायला लावलं, हे आकडे मी अंदाजानं घातलेत, रानात बसून मोजलेले नाहीत. तरी स्क्रीनवर ते इतकं खरं दिसतं की दोन पोरं येऊन म्हणाली सर आता कराडकडच्या उसातल्या बिबट्याचं करूया, प्रोजेक्टला देऊ. करता येईल की, दहा मिनिटात लांडग्याचा रंग पिवळा करून ठिपके दिले की झाला बिबट्या. पण बिबट्या किती फिरतो, कुत्रं किती दिवसांनी खातो, ऊसतोड चालू झाली की कुठं जातो, हे आकडे आधी पाहिजेत. त्यांना म्हटलं आधी तुमच्या गावातल्या घराच्या आढ्याला बसणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या गोळ्या गोळा करा, ते न पचलेली हाडं-केस गोळी करून टाकतं, त्यात उंदरांच्या कवट्या मोजता येतात, एका घुबडाचा रोजचा खुराक कळेल, मग बसू. एक पोरगा गोळा करतोय खरंच, आईनं घरात डबा आणू दिला नाही म्हणून गोठ्यात ठेवलाय.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या ५ टक्के पिल्लांसाठी, निदान एनर्जी अमुक इतकी असेल तरच पिल्लू एवढी एक ओळ आधीपासून घातली असती तरी चाललं असतं. जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी घ्यावंच, गणितवाल्यांनी पण घ्यावं, लायब्ररीत तोच लांडगा-मेंढी समीकरणाच्या रूपात पण आहे आणि दोन्ही शेजारी शेजारी चालवणारा पण, ते बघाच. द्राक्षवाल्या तासगावकरांनी मिलीबग (पिठ्या ढेकूण) आणि त्याला खाणारा क्रिप्टोलेमस भुंगेरा टाकून बघायला हरकत नाही, कोड मी देतो. मायक्रोमस अजून माझा बसलेला नाही. आण्णा म्हणतात त्याला पळायला लाव, मी पळायला लावलाय, पण तो रानाच्या एका कडेनं बाहेर पडून दुसऱ्या कडेनं आत येतो कारण ह्यातली जमीन मुळात कडांना जोडलेली असते, आणि आण्णांना ते काय केलं तरी पटत नाही, त्या बाजूला ओढा आहे म्हणतात.